वसईच्या किल्ल्यापासून नागासाकीच्या टेकडीपर्यंत : संत गोन्सालो गार्सिया यांची जीवनकहाणी

वसई : वसईत गोन्सालो गार्सिया हे नाव कोणाला नवीन नाही. गास गावातलं चर्च त्यांच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्यांच्या नावाचं. पण हा माणूस नेमका कोण होता, वसईचा पोरगा थेट जपानला कसा पोहोचला आणि तिथे त्याला क्रूसावर का चढवलं, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. सव्वाचारशे वर्षांपूर्वी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, जपानमधल्या नागासाकी शहराबाहेरच्या टेकडीवर त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेसाठी प्राण दिला. भारतात जन्मलेली पहिली व्यक्ती, जिला कॅथलिक चर्चने संत म्हणून जाहीर केलं, ती आपल्या वसईची. त्यांचीच ही कहाणी.

किल्ल्याच्या सावलीतलं बालपण

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर इथे दगडी तट उभे राहिले, चर्चेस बांधली गेली, जहाजं बांधण्याचं काम सुरू झालं. तटाच्या आत साहेबांची घरं आणि बाहेर ऊस, केळी, पानवेलीच्या वाड्या. अशा वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथल्याच मातीतली.

म्हणजे पोरगा दोन घरांचा. पोर्तुगीजांच्या नजरेत तो पुरता गोरा नाही आणि गावकऱ्यांच्या नजरेत साहेबाचा मुलगा. असं मूल लहानपणीच एक गोष्ट शिकतं. समोरच्याचं बोलणं नीट ऐकायचं आणि ज्याला जशी कळते तशी भाषा त्याच्याशी बोलायची. पुढे हीच गोष्ट गोन्सालोच्या आयुष्यभर कामाला आली.

किल्ल्यात येशू संघाच्या धर्मगुरूंची शाळा होती. या संघाला जेझुइट असंही म्हणतात. तिथे गोन्सालो लिहायला, वाचायला आणि प्रार्थना करायला शिकला. सेबास्तियाव गोन्साल्विस नावाच्या फादरांचा त्याच्यावर जीव होता. याच संघाचे फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले होते आणि १५४९ मध्ये ते जपानला पोहोचले होते. त्यामुळे जपानच्या गोष्टी वसईच्या त्या शाळेत नक्कीच होत असणार.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळी वसईत ख्रिस्ती धर्माच्या पाठीशी राजाची सत्ता होती. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली, धर्म बदलण्यासाठी लोकांवर दबाव आला. काही लोक मनापासून ख्रिस्ती झाले, काही परिस्थितीमुळे झाले. हा इतिहास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. गोन्सालो ज्या वसईत वाढला तिथे ख्रिस्ती असण्यासाठी जीव द्यावा लागत नव्हता. उलट तो सत्तेच्या बाजूचा धर्म होता. पुढे तो जिथे गेला, तिथे नेमकं उलटं होतं. त्याच्या जीवनाची खरी परीक्षा तिथेच झाली.

पंधरा वर्षांचा पोरगा जपानला

१५७२ मध्ये, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, गोन्सालो येशू संघाच्या धर्मगुरूंबरोबर जहाजाने जपानला गेला. आज दहावी-अकरावीत असणाऱ्या मुलाचं हे वय. शिडाचं जहाज आणि महिनोन् महिन्यांचा प्रवास. वाटेत वादळ, रोगराई, चाचे. घरी परत येण्याची खात्री कोणालाच नसायची.

जपानला पोहोचल्यावर त्याने पहिलं काम केलं ते भाषा शिकण्याचं. युरोपातून आलेल्या मोठमोठ्या पंडितांना जपानी भाषा जड जायची. मोठ्या माणसाशी बोलताना वेगळे शब्द, बरोबरीच्या माणसाशी वेगळे. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे ना, त्याच्याही कितीतरी पुढे. वसईच्या या पोराने ती भाषा अशी उचलली की सामान्य जपानी माणूस त्याच्याशी मोकळेपणाने बोलू लागला. गावोगाव फिरून तो लोकांना, विशेषतः मुलांना, धर्मशिक्षण देऊ लागला. आठेक वर्षं त्याने हे काम केलं.

त्याची इच्छा एकच होती, येशू संघात रीतसर प्रवेश मिळावा. पण तो मिळाला नाही. हिंदुस्थानात जन्मलेल्या, मिश्र रक्ताच्या मुलांना संघात घ्यायला त्या काळचे युरोपीय वरिष्ठ नाखूष असत. काम करायला चालतो, पण आपल्या पंगतीत बसायला चालत नाही, हा अनुभव जगात अनेकांनी घेतला आहे. तो गोन्सालोनेही घेतला.

एखादा असता तर चिडून धर्मच सोडला असता. गोन्सालोने तसं केलं नाही. त्याने संघाचं काम सोडलं आणि व्यापार सुरू केला.

व्यापारी झाला, पैसा आला

व्यापारात त्याचा जम बसला. जपानी भाषा येत होती, पोर्तुगीज घरातलीच होती, बंदरांची माहिती होती. मकाव आणि जपान यांच्यात रेशीम आणि चांदीचा मोठा व्यापार तेव्हा चालायचा. आग्नेय आशियाच्या बंदरांत गोन्सालोचे व्यवहार पसरले आणि नाव झालं.

इथे त्याची गोष्ट संपू शकली असती. वसईचा एक हुशार पोरगा परदेशात जाऊन श्रीमंत झाला, एवढीच. बायको-मुलं, घरदार, नोकरचाकर असं सुखाचं आयुष्य त्याच्यासमोर होतं. पण मन व्यापारात रमत नव्हतं. फिलिपाईन्समधल्या मनिला शहरात त्याची गाठ फ्रान्सिस्कन संघाच्या लोकांशी पडली. हा संघ असीसीच्या संत फ्रान्सिस यांचा. गरिबीत राहायचं, पायात साधी चप्पल, अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी आणि सेवा करायची ती रोग्यांची, गरिबांची.

गोन्सालोने व्यापार बंद केला, पैसा सोडला आणि या संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. तेव्हा त्याचं वय तिशीच्या आसपास होतं. फादर नव्हे, ब्रदर. मिस्सा करण्याचा अधिकार नाही, मोठं पद नाही. स्वयंपाकघरापासून दवाखान्यापर्यंत पडेल ते काम. एका संघाने नाकारलेल्या माणसाला दुसऱ्या संघाने घेतलं, तेही सगळ्यात साध्या जागेवर. ब्रदर गोन्सालोंना ते पुरेसं होतं.

जपानच्या सत्ताधीशासमोर

त्या वेळी जपानची सत्ता टोयोटोमी हिदेयोशी याच्या हातात होती. हा माणूस साध्या घरातून आलेला. त्याचा बाप शेती आणि शिपाईगिरी करणारा होता. स्वतःच्या हिमतीवर तो इतका वर चढला की सगळे सरदार त्याच्यापुढे झुकू लागले. देशभर जमिनीची मोजणी केली, शेतकऱ्यांच्या घरातल्या तलवारी काढून घेतल्या आणि शेवटी कोरियावर स्वारी केली.

हिदेयोशी आधी ख्रिस्ती धर्मगुरूंशी चांगला वागायचा. पण १५८७ मध्ये त्याने त्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. काही मोठे सरदार ख्रिस्ती झाले होते आणि उद्या ते आपलं ऐकतील की परदेशी फादरांचं, ही त्याला भीती होती. पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसांना गुलाम म्हणून विकत घेऊन परदेशी नेत, त्याचाही राग होता. हुकूम निघाला, पण कडक अंमलबजावणी झाली नाही. व्यापार हवा होता, म्हणून डोळेझाक झाली. टांगती तलवार मात्र राहिली.

पुढे हिदेयोशीने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला आपलं वर्चस्व मान्य करा म्हणून धमकी दिली. गव्हर्नरने वाटाघाटीसाठी माणसं पाठवायचं ठरवलं. फादर पेद्रो बाप्तिस्ता हे प्रमुख आणि दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो गार्सिया. १५९३ मध्ये ही मंडळी जपानला पोहोचली.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला लाखोंच्या फौजेचा धनी. दुसऱ्या बाजूला दोरी बांधलेल्या झग्यातले चार फ्रान्सिस्कन. आणि मध्ये वसईचा माणूस. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगणारा. एक शब्द चुकला तर मान जाण्याची वेळ. हिदेयोशीने आधी दरडावलं, पण शेवटी त्यांना राजधानी मियाकोत, म्हणजे आजच्या क्योतोत, राहायची परवानगी मिळाली.

कुष्ठरोग्यांचा दवाखाना

मियाकोत या मंडळींनी चर्च बांधलं आणि शेजारीच दवाखाना काढला, तोही कुष्ठरोग्यांसाठी. त्या काळी जपानमध्ये काय आणि आपल्याकडे काय, कुष्ठरोगी म्हटला की घरचेही बाहेर काढत. अशा माणसांच्या जखमा धुणं, त्यांना भरवणं, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणं ही कामं फ्रान्सिस्कनांनी केली. ब्रदर गोन्सालोंना भाषा येत असल्याने आलेल्या-गेलेल्याशी बोलणं, अधिकाऱ्यांना भेटणं, नवीन फादरांना भाषा समजावणं हे सगळं त्यांच्याकडे असे.

या कामात जपानी लोकही आले. कोणी सुतार, कोणी धनुष्य बनवणारा, कोणी तलवारीला धार लावणारा, कोणी रोग्यांची सेवा करणारा. साधी, हातावर पोट असणारी माणसं. पुढे हीच माणसं गोन्सालोंबरोबर क्रूसावर गेली, म्हणून त्यांची आठवण ठेवायला हवी.

सगळं आलबेल नव्हतं. येशू संघाला वाटायचं की हुकूम डोक्यावर असताना शांतपणे काम करावं. फ्रान्सिस्कन उघडपणे चर्च चालवतात, मिस्सा करतात, त्यामुळे सगळ्यांवरच संकट येईल. शिवाय पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांच्यातली व्यापाराची चुरस. देव एक, धर्म एक, पण दोन संघांची भांडणं होती. ही उणीवही त्या काळच्या कागदांत नोंदली गेली आहे.

एक जहाज फुटलं आणि चक्र फिरलं

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं मोठं स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे जाताना वादळात सापडलं आणि जपानच्या तोसा प्रांतातल्या उराडो बंदराजवळ रुतलं. जहाजावर लाखमोलाचा माल होता. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी तो जप्त केला. स्पॅनिश लोकांनी आरडाओरडा केला. त्यात जहाजाच्या सुकाणूवाल्याने स्पेनच्या राजाचा मोठा नकाशा दाखवून बढाई मारली, की आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागाहून फौज, असं सांगितलं जातं. तो खरंच तसं बोलला का, यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज नंतर एकमेकांवर दोष ढकलत राहिले. पण हिदेयोशीच्या कानावर गेलं ते असंच. त्याची जुनी शंका पक्की झाली.

चूक जहाजावरच्यांची असो की हाव अधिकाऱ्यांची, भोगावं लागलं ते दवाखाना चालवणाऱ्यांना. ८ डिसेंबर १५९६ रोजी मियाकोतल्या फ्रान्सिस्कनांच्या घराभोवती पहारा बसला. काही दिवसांनी सगळ्यांना हात मागे बांधून तुरुंगात नेलं.

पकडायच्या यादीत मथियास नावाचा एक जपानी सेवक होता. शिपायांनी नाव पुकारलं तेव्हा तो बाहेर गेलेला होता. शेजारी राहणारा दुसराच एक माणूस पुढे आला. त्याचंही बाप्तिस्म्याचं नाव मथियास होतं आणि तोही ख्रिस्ती होता. तो शिपायांना म्हणाला, की तो मथियास मी नव्हे, पण मीही त्याच नावाचा आणि त्याच श्रद्धेचा आहे. शिपायांना आकडा भरायचा होता. त्यांनी त्याला घेतलं. असा हा सव्विसांतला एक जण. त्याला कोणी शोधत नव्हतं. गप्प बसला असता तर वाचला असता.

कान कापले आणि ८०० किलोमीटरची वाट

शिक्षा ठरली ती नाक आणि दोन्ही कान कापण्याची आणि नंतर क्रूसावर मारण्याची. एका अधिकाऱ्याला दया आली आणि त्याने डाव्या कानाचा तुकडा कापण्यावर भागवलं. ३ जानेवारी १५९७ रोजी मियाकोत चोवीस जणांचे कान कापले गेले. कापलेले तुकडे ख्रिस्ती भाविकांनी जपून उचलले. मग रक्ताळलेल्या माणसांना बैलगाड्यांत बसवून शहरभर फिरवलं. बघणाऱ्यांना दहशत बसावी हा हेतू. पण गाडीतली माणसं प्रार्थना म्हणत होती.

तिथून त्यांना नागासाकीला न्यायचं होतं, कारण तिथे ख्रिस्ती वस्ती सर्वात जास्त होती आणि धडा तिथेच द्यायचा होता. अंतर सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नागपूरला जाण्याएवढं. जानेवारीची थंडी, तिकडे बर्फ पडतो. अंगावर पातळ कपडे, कानाची जखम ओली आणि बहुतेक वाट पायी. चाळिशीतले गोन्सालो त्यात होते, साठीच्या पुढचे म्हातारे होते आणि बारा वर्षांचा लुईस इबाराकी नावाचा मुलगाही होता.

वाटेत कैद्यांची सेवा करण्यासाठी दोन जपानी माणसं बरोबर चालत होती. शिपायांनी त्यांनाही पकडून रांगेत घातलं. त्यांनी विरोध केला नाही. अशा रीतीने चोवीसचे सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन परदेशी, तीन येशू संघाचे जपानी आणि सतरा साधे जपानी ख्रिस्ती.

रांगेत बाप-लेकाची एक जोडी होती. मिगेल कोझाकी आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा थॉमस. वाटेत एका मुक्कामी थॉमसने आईला पत्र लिहिलं. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, असं त्यात सांगितलं. पत्र आईपर्यंत पोहोचलं नाही. नंतर ते बापाच्या अंगावरच्या कपड्यात रक्ताने भरलेलं सापडलं. हे वाचताना कोणत्याही आईबापाच्या पोटात कालवल्याशिवाय राहत नाही.

निशिझाकाची टेकडी

४ फेब्रुवारीच्या रात्री ओमुराची खाडी होड्यांतून ओलांडली. हात बांधलेले, थंडी मी म्हणत होती. ५ फेब्रुवारीला सकाळी चालत नागासाकी गाठलं. निशिझाका नावाच्या टेकडीवर सव्वीस क्रूस आडवे ठेवले होते. नेहमी चोर-दरोडेखोरांना मारायची जागा रस्त्याच्या एका बाजूला होती. तिथे या लोकांना मारू नका, अशी विनंती नागासाकीच्या पोर्तुगीजांनी केली. म्हणून दुसऱ्या बाजूची जागा निवडली. तिथे गव्हाचं शेत होतं आणि फेब्रुवारीतला गहू हिरवागार उभा होता.

हुकुमाची अंमलबजावणी करणारा अधिकारी तेराझावा हान्झाबुरो. बारा वर्षांचा लुईस पाहून त्याला वाईट वाटलं. ख्रिस्ती धर्म सोड, मी तुला माझ्या घरी ठेवतो, असं त्याने सुचवलं. लुईसने नकार दिला आणि माझा क्रूस कोणता ते विचारलं. तेरा वर्षांच्या अंतोनियोचे आईबाप गर्दीत रडत होते. त्याने त्यांनाच धीर दिला.

ब्रदर गोन्सालो पुढे झाले आणि एका क्रूसाजवळ जाऊन हाच माझा का, असं विचारलं. तो त्यांचा नव्हता. मग त्यांना त्यांचा क्रूस दाखवला. तिथे त्यांनी गुडघे टेकले आणि क्रूसाला मिठी मारली. वसईच्या शाळेत लहानपणी ज्या क्रूसापुढे हात जोडले, तोच आता लाकडाचा, खराखुरा आणि स्वतःच्या मापाचा समोर होता.

जपानी पद्धतीत माणसाला खिळे ठोकत नसत. हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी जखडत. क्रूस उभे केले गेले. पॉल मिकी या येशू संघाच्या जपानी ब्रदरांनी क्रूसावरूनच लोकांना शेवटचं प्रवचन दिलं. आपण काही गुन्हा केलेला नाही, ख्रिस्ताची शिकवण सांगितली म्हणून मरतो आहोत आणि ज्याने हुकूम दिला त्याला क्षमा करतो, असा त्याचा सार होता. मुलांनी स्तोत्र गायलं. मग प्रत्येक क्रूसापाशी दोन-दोन भालेकरी आले आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसले. गोन्सालो गार्सिया शेवटपर्यंत देवाची स्तुती करत होते. वय सुमारे चाळीस वर्षं. त्यातली जवळपास पंचवीस वर्षं वसईबाहेर गेली.

पुढे काय झालं

हिदेयोशी पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये वारला. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी घातली आणि हजारोंचा छळ झाला. फादर उरले नाहीत, चर्चेस पाडली गेली. जपानमधून हा धर्म संपला असंच सगळ्यांना वाटलं.

पण १८६५ मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा चर्च बांधलं गेलं, तेही याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने. एक दिवस जवळच्या खेड्यातली काही शेतकरी माणसं तिथे आली आणि त्यांनी फादरांना हळूच सांगितलं, की आमचीही श्रद्धा हीच आहे. अडीचशे वर्षं फादर नसताना, घराघरांत लपून, आईने मुलाला आणि मुलाने नातवाला शिकवत त्यांनी ती जपली होती. १८७३ मध्ये बंदी उठली.

सव्विसांना १६२७ मध्ये धन्यवादित म्हणून मान मिळाला आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केलं. १९६२ मध्ये निशिझाकाच्या टेकडीवर स्मारक उभं राहिलं. तिथल्या सव्वीस कांस्य मूर्तींत एक मूर्ती आपल्या वसईकराची आहे.

वसईला काय उरलं

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला. ज्या तटाच्या आत गोन्सालो वाढले, तो आज पडका आहे. चर्चेसच्या भिंती उघड्या आहेत आणि त्यांवर वडाची मुळं चढली आहेत. पोर्तुगीज गेले. त्यांची सत्ता, तोफा, कर सगळं गेलं. पण वसईतला ख्रिस्ती माणूस राहिला. तो शेती करतो, मासेमारी करतो, मराठीत मिस्सा ऐकतो. जी श्रद्धा तटाच्या जोरावर इथे आली असं म्हणतात, ती तट पडल्यावरही टिकली.

संत गोन्सालोंच्या कहाणीत हेच सापडतं. त्यांच्यामागे नागासाकीत कोणताच किल्ला नव्हता. पोर्तुगालचा राजा वाचवायला आला नाही, स्पेनचा आला नाही. ज्या संघाने त्यांना नाकारलं, त्याच संघाचे तीन जण त्यांच्या बाजूला क्रूसावर होते आणि तिथे कोणाचा संघ कोणता, हा प्रश्न उरला नव्हता. शेजारी सुतार होता, धनुष्य बनवणारा होता, बारा वर्षांचं पोर होतं.

ते मरण शोधायला गेले नव्हते. ते गेले होते भाषा शिकायला, मुलांना शिकवायला, रोग्यांच्या जखमा धुवायला. मरण वाटेत आलं तेव्हा त्यांनी वाट बदलली नाही, इतकंच. त्यांनी कोणाला मारलं नाही, कोणाचं घर जाळलं नाही, मारणाऱ्याला शिव्याशाप दिले नाहीत. धर्माच्या नावाने दुसऱ्याचा जीव घ्यायला निघणारे प्रत्येक काळात आणि प्रत्येक धर्मात भेटतात. स्वतःचा जीव देऊन वर मारणाऱ्याला क्षमा करणारे थोडे. त्यातला एक वसईच्या वाड्यांत खेळून मोठा झाला होता. पुढच्या वेळी किल्ल्यात फिरायला गेलात, तर पडक्या चर्चच्या दारात मोबाईलवर फोटो काढून झाल्यावर दोन मिनिटं उभे राहा आणि त्या पंधरा वर्षांच्या पोराची आठवण काढा. तो याच किनाऱ्यावरून गेला आणि परत आला नाही.